वरचा दिवा, खालचा दिवा

बाबांना प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमध्ये सगळे काकाजी म्हणत, आणि ते काकाजी झाले ते गाड्यांच्या कागदांमुळे. प्लांटच्या मशीन शॉपमध्ये ते लेथवर होते. पहिल्या पाळीवरून आले, हातपाय धुतले, आईनं चहाची कपबशी पुढे ठेवली, की क्वार्टरच्या ओट्यावर कोणी ना कोणी येऊन बसलेलं असायचंच. हाड मोडलं तर माणूस डॉक्टरकडे जातो, मुहूर्त पाहायचा तर महाराजांकडे जातो. आमच्याकडे ज्याला चौकात पोलिसानं अडवलं तो बाबांकडे येई. बाबा आधी बशीतला चहा संपवत. समोरच्याचा जीव टांगणीला लागलेला असे आणि बाबा शांतपणे मिशा पुसत. मग पहिला प्रश्न ठरलेला, "गाडी कोणाच्या नावावर हाय?"

एकदा एक जण त्याच्या साळ्याची मोटारसायकल घेऊन आला होता. पासिंग महाराष्ट्राचं, चालवत होता इथे.

"काकाजी, इथं चालवली तं चालते का?"

"साळा कुठी राह्यते?"

"गोंदियाले."

"आन गाडी?"

"गाडी आमच्याकडेच हाय जी. दोन दिवाळ्या झाल्या."

"म्हंजे साळ्यानं गाडी तुले आंदण देली का काय? वर्षाच्या वर ठेवली तं तिकडून एनओसी आण, इथला नंबर घे. नाही तं साळ्याले वापस कर."

"वापस केली तं बायको..."

"बायकोचा कायदा मले नाही माहीत," बाबा म्हणाले, आणि आत आईच्या हातातलं झाकण जरा जोरातच आपटलं.

एमपीतून फुटून निघालेलं आमचं राज्य तेव्हा नवंनवं होतं. जुन्या गाड्यांवर एमपी, नव्या गाड्यांवर सीजी, आणि लोकांच्या मनात सगळीच खिचडी. जुन्या नंबरचं काय होणार, लायसन तिकडचं आहे ते चालेल का, मागे बसलेल्यानंही हेल्मेट घालायचं का, पोलिसाला चाबी काढून घेता येते का, आजोबा वारले तर त्यांची स्कूटर कोणाची. बाबांना सगळ्याची उत्तरं येत. आज माझी मुलगी हे सगळं मोबाइलला विचारते आणि मोबाइल तिला लगेच सांगतो. पण मोबाइल बशीतला चहा संपेपर्यंत थांबवत नाही, त्यामुळे त्या उत्तराला वजन येत नाही, असं मला वाटतं.

घर म्हणजे दोन खोल्या, मागे आंगण, आंगणात आईनं लावलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी. पाळी बदलायचा भोंगा झाला की आई त्यावर कुकर उतरवायची. आई भंडाऱ्याकडची. तिच्या पाटोड्यांचा रस्सा शिजायला लागला की शेजारच्या साहूभाभी भिंतीवरून वाटी पुढे करत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटीतून तांदळाचे फरे परत येत. वाटी कोणाची हे कोणालाच माहीत नव्हतं. आई बोलताना "मी जातो, मी करतो" असंच बोलायची, आमच्याकडे बाया असंच बोलतात. पुण्याची माझी वहिनी पहिल्यांदा घरी आली तेव्हा आत पुरुष कोण बोलतोय म्हणून डोकावून पाहत होती.

या घरात बाबांची थट्टा व्हायची ती एकाच गोष्टीवरून, त्यांच्या बाजारहाटावरून. टमाटे आणायला पाठवलं तर निम्मे कच्चे आणत. एका दिवाळीला आईनं लाल काठाचं लुगडं सांगितलं होतं. बाबांनी मोठ्या कौतुकानं घडी उलगडली आणि आतून मातकट हिरवं निघालं. आईनं पदर खांद्यावर टाकून पाहिला आणि म्हणाली, "चांगलं हाय. फक्त आता कोणाले तिकीट फाडून देऊ ते सांगा." बाबा कंडक्टरसारखंच "आगे बढ़ो, आगे बढ़ो" करत बाहेर गेले आणि आम्ही भावंडं हसून हसून लोळलो. त्या दिवसापासून भाजी आणि कपडे आई स्वतःच आणू लागली. बाबांचं लक्ष नसतं, एवढाच त्याचा अर्थ आम्ही लावला होता.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा हथखोजमधल्या एका लहानशा कारखान्यात मला हिशेबाचं काम मिळालं. नटबोल्ट करत तिथे. मालक म्हणाले, काम तुझं, पण येण्याजाण्याचं तू बघ. बस मोठ्या रस्त्यावर सोडते आणि आतल्या रस्त्यावर ट्रकशिवाय काही नाही. दोन महिन्यांत रुजू व्हायचं होतं. मी घरी येऊन सांगितलं, स्कूटर शिकायची. मोठ्या भावानं "तू?" एवढंच म्हटलं. बाबांनी कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पयले लर्निंग. मंग हँडल."

शिकवायला बाबांसारखा माणूस नव्हता. रविवारी सकाळी सेक्टरच्या रिकाम्या मैदानावर आम्ही जात असू. ते आधी काडीनं मातीत पाट्या काढत. "गोल म्हंजे हुकूम. तो पाळाचाच. तिकोन म्हंजे इशारा, समोर काईतरी हाय, संभाळ. चौकोन म्हंजे माहिती, पायजे तं वाच, नाही तं जाऊ दे." सिग्नलचं सांगताना म्हणत, "वरचा दिवा लागला का थांब. खालचा लागला का चाल. मधला लागला तं घाई नोको करू, घाई करणारे सगळे दवाखान्यात भेटतात." मी लाल, हिरवा म्हटलं की ते म्हणत, "वरचा, खालचा म्हण. पक्कं राह्यते." मला वाटायचं, ही त्यांची शिकवायची खुबी. आजही सिग्नलला उभी राहिले की माझ्या मनात आधी "वरचा" येतं, मग लाल येतं.

बाबांच्या स्कूटरचा क्लच इतका कडक होता की रात्री जेवताना मला डाव्या हातात वाटीही धरवायची नाही. आम्ही निघालो की साहूभाभी भिंतीवरून बघत आणि ओरडत, "काकाजी, लइका ला मारहू का?" म्हणजे, पोरीला मारून टाकता का. बाबा मागे बसून दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, एखाद्या पाहुण्यासारखे बसत. मी कुठेही नेलं तरी ते हँडलला हात लावत नसत. एकदा मी त्यांना थेट बाभळीत घेऊन गेले. शर्टातले काटे काढत ते म्हणाले, "ब्रेक उजव्या पायाले हाय. उद्याले तो पण वापरून पाहू."

लर्निंग मिळालं, मागेपुढे 'एल' लावलं, आणि पक्क्या लायसनच्या चौकशीसाठी आम्ही दोघं दुर्गला निघालो. स्कूटर मी चालवत होते. दुर्गच्या वाटेवरच्या एका चौकात शिट्टी झाली. पांढऱ्या शर्टातल्या तरुण पोलिसानं हात केला, "गाड़ी साइड में लगाइए." मी लावली. माझं लर्निंग त्यानं पाहिलं, मान हलवली. मग मागे बसलेल्या माणसाकडे वळला, "लर्निंग वाले के साथ लाइसेंस वाला चाहिए. आपका दिखाइए." बाबांनी खिशातून पाकीट काढलं. काढलं, पण उघडेनात. तेवढ्यात पोलिसाचा चेहरा बदलला आणि वर्दीतली हिंदी गळून पडली.

"काकाजी! मी विजय, ढोमण्यांचा. तुमीच तं माह्या गाडीचे कागद सांगतले होते! जा, जा तुमी."

"थांब," बाबा म्हणाले. "पाहून घे."

विजयनं पाहिलं. पुन्हा पाहिलं. लायसन संपून बरीच वर्षं झाली होती. तो माझ्याकडे बघू लागला, जणू मी काही सांगेन. मला काय ठाऊक! शहरातल्या प्रत्येक चुकलेल्या कागदाची ज्यांना खबर होती, त्यांच्याच खिशात हा मेलेला कागद होता.

"काकाजी, मी काही पाहिलंच नाही."

"कावून नाही पाहिलं? डोळे हायेत ना तुले? चालान फाड."

"तुमचं कसं फाडू जी..."

"जसं दुसऱ्याचं फाडतं तसंच. नियम हाय."

विजयनं पावती लिहिली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. तिथून पुढे आम्ही स्कूटर ढकलत एका ओळखीच्या दुकानापर्यंत नेली, तिथे ठेवली आणि बसनं घरी आलो. बसमध्ये बाबांनी पावतीची बारीक घडी घालून ती पाकिटात ठेवली. सेक्टरमध्ये बस पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

संध्याकाळी ओट्यावर दोघे जण आले. बाबा बाहेर आलेच नाहीत. आईनं दारातूनच सांगितलं, "आज कायदा बंद हाय." दुसऱ्या दिवशीही बंद. भाऊ जेवताना म्हणाला, "डॉक्टर के घर में ही मलेरिया," आणि आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुढचा घास पाण्याबरोबर गिळला. मला रागच जास्त आला होता. माझी नोकरी टांगणीवर, आणि बाबा नुसते कूस बदलून झोपतात! शेवटी मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "बाबा, नवीन काढून टाका ना. पन्नाशीनंतर डॉक्टरचा दाखला लागते, तुमीच तं लोकाइले सांगता. चला, मी येतो संगं." मी एवढं बोलले आणि बाबांनी माझ्याकडे न बघता चपला घातल्या. इतक्या लवकर तयार होतील असं मला वाटलं नव्हतं. आता कळतं, ते तयार झाले नव्हते, थकले होते.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, बोलायला गोड. भिंतीवरची अक्षरं बाबांनी सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. मी मनात म्हटलं, झालं. मग बाईंनी एक पुस्तक उघडलं. पानभर रंगीत ठिपके, आणि ठिपक्यांच्या मध्ये ठिपक्यांचाच मोठा आकडा.

"कौन सा नंबर दिख रहा है?"

बाबांनी पुस्तक जरा जवळ ओढलं.

"कोई बात नहीं, आराम से देखिए."

मला आकडा भिंतीवर चुन्यानं लिहिल्यासारखा स्वच्छ दिसत होता. मी म्हटलं, "बाबा, चष्मा." चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. बाईंनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. बाबांनी प्रत्येक पानाकडे नीट, अदबीनं पाहिलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मैडम, इस किताब में मेरे लिए कुछ नहीं लिखा है."

बाईंनी पुस्तक मिटलं. लाल आणि हिरवा त्यांना वेगळा दिसत नाही, जन्मापासून असेल, दाखला देता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि त्याबद्दल माफीही मागितली. बाहेर बाकावर बसलेला एक माणूस सगळं ऐकत होता. तो हळूच म्हणाला, दुसरे डॉक्टर आहेत, पाहत नाहीत, सही करतात. बाबा त्याला म्हणाले, "सही होऊन जाईन भाऊ. पण दिवा तं तसाच दिसन ना?"

जवळच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. तिथे बशी नव्हती, काचेचा ग्लास होता, तो बाबांनी नुसता हातात धरून ठेवला. आणि मग ते बोलले. मुलांशी बाप असं कधी बोलत नसत त्या काळी.

"तुहा आजा डोंगरगडले रेल्वेत पॉइंट्समन होता, ते तुले माहीत हाय. मी गाडीच्या आवाजावरून सांगत होतो कोणती गाडी हाय. इंजिनावर जायचं हे घरात ठरूनच होतं. पेपर पास झालो. मंग डोळे तपासाले बोलावलं. अंधाऱ्या खोलीत दिवे दाखवून राहिले, रंग सांग म्हणे. मी अंदाजानं सांगत गेलो. काही बरोबरही आले असन." ते हसले. "बाप बाहेर पेढे घेऊन उभा होता."

"मंग तुमी काय सांगतलं?"

"सांगतलं, मले रेल्वेत नाही जायचं. प्लांटमध्ये जातो."

"पण खोटं कावून, बाबा?"

"मागं तीन बहिणी होत्या लग्नाच्या. घरात डोळ्याची खोट हाय म्हटलं तं कोण आलं असतं? बापाले वाटलं, पोट्टा माजला. मरेपर्यंत माह्याशी सरळ बोलला नाही तो." ग्लासातला चहा एव्हाना निवला होता. तो त्यांनी एका घोटात संपवला. "स्कूटरच्या लायसनले तेव्हा एक चक्कर मारली का काम होत होतं. रंग कोणी नाही इचारला. पण पन्नाशीले दाखला लागते म्हटलं तवा समजलं, आता पकडलो जाईन. म्हणून गेलोच नाही. चुकलंच ते. लोकाइले शिकवलं आन सोता लपून राहिलो."

मातीत काढलेले गोल आणि तिकोन माझ्या डोळ्यांपुढे आले. आकाराला रंग लागत नाही. या माणसानं अख्खा रस्ता रंग वगळून पाठ केला होता, आणि तोही इतका पक्का की त्याच्याकडून शिकलेला एकही जण चौकात चुकला नाही.

घरी येऊन बाबांनी स्कूटरची चाबी देवाच्या फळीवर ठेवली आणि आईला सगळं सांगितलं, मोजक्या शब्दांत. आई कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "रेल्वेचं नव्हतं मालूम मले. रंगाचं तं लग्नाच्या पयल्या वर्षीच समजलं. ठेच्याले हिरव्या मिरच्या सांगतल्या आन तुमी लाल घेऊन आले होते."

"मंग बोलली कावून नाही?"

"तुमी बोलले होते का?" आई म्हणाली. "आन ते लुगडं मी नेसतोच ना अजून?" हे खरं होतं. ते मातकट हिरवं लुगडं आई सणाला नेसायची, आणि आम्ही त्याला कंडक्टर म्हणायचो. त्या दिवसानंतर कोणी म्हटलं नाही.

दुकानात ठेवलेली स्कूटर आणायला आणि माझ्या पक्क्या लायसनला शेवटी साहूभाभी आल्या. त्यांच्याकडे लायसन होतं, हे आम्हाला भिंतीपलीकडे इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. मागे बसून त्या वाटभर रामनाम घेत होत्या. परीक्षेत आठचा आकडा मी पाय न टेकता काढला, फक्त उतरताना स्कूटर स्टँडवरून पडली. साहेब म्हणाले, चलाना आता है, उतरना घर में सीख लेना. दोन महिने संपायच्या आत मी हथखोजला रुजू झाले. पहिल्या पाळीला जाताना बाबांना प्लांटच्या गेटवर सोडायचं आणि पुढे जायचं, असं सुरू झालं. गेटवर त्यांचे सोबती थट्टा करत, "काकाजी, ड्रायव्हर ठेवला का?" बाबा म्हणत, "हो ना. पगारही तिचा तीच आणते."

ओटा मात्र रिकामाच होता. मग एका संध्याकाळी विजय आला, वर्दी न घालता, पेरूची पिशवी घेऊन. बहिणीची स्कूटर तिच्या सासरच्या गावी न्यायची होती, नाव बदलायचं की पत्ता बदलायचा, हा घोळ होता. बाबा दारात उभे राहूनच म्हणाले, "माह्याजवळ लायसन नाही. तूच चालान फाडलं. आता मलेच इचारून राहिला?"

"काकाजी, गाडी कुठी तुमाले चालवायची हाय? मले तं फक्त उत्तर पायजे."

बाबांनी पेरूची पिशवी त्याच्या हातातून घेतली. मग आत वळून म्हणाले, "चहा टाक वो," आणि ओट्यावर येऊन बसले. त्या दिवसापासून मात्र त्यांनी एक रीत पाडली. नवा माणूस आला की आधी स्वतःच सांगत, मला रंग दिसत नाहीत, माझं लायसन नाही, तरी विचारायचं असेल तर विचार. एकही माणूस त्यामुळे परत गेला नाही. उलट दोघे जण असे आले की ज्यांना लाल-हिरवं कळत नव्हतं आणि त्यांनी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आम्ही जामुलकडे घर बांधलं. बऱ्याच वर्षांनी एकदा मोबाइलवर वाचलं की नियम बदलला आहे, रंग कमी ओळखता येणाऱ्यांनाही, दोष फार नसेल तर, आता लायसन मिळू शकतं. मी धावत स्वयंपाकघरात गेले. बाबा जेवत होते. मी मोठ्यानं वाचून दाखवलं, मधे त्यांनी दोनदा "पुन्हा वाच" म्हटलं.

"चला बाबा, उद्या जाऊ. डॉक्टर तपासतील, पास झालात तर काढून टाकू."

"आता कोण चालवते बाप्पा. गुडघ्याले इचार पयले." त्यांनी आणखी एक घास घेतला. मग म्हणाले, "रेल्वेतही बदलला का?"

मी पुन्हा वाचलं. मन घट्ट करून सांगितलं, "नाही बाबा. रेल्वेत नाही."

बाबांनी मान हलवली. मला वाटलं, उगाच वाचलं मी. पण त्यांचा चेहरा अगदी मोकळा होता, ओट्यावर एखाद्याला उत्तर देताना असायचा तसा.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "तिथं नाही बदलाले पायजे. इंजिनाच्या मागं किती लोकं झोपून राह्यतात."

आणि त्यांनी ताट आईपुढे सरकवलं, रस्सा वाढायला.